मन्सारामजींचा भरलेला कप

मन्सारामजींनी कप रिकामा केला, मिशा पुसल्या आणि तो खाली ठेवला. ठेवतात न ठेवतात तोच माझ्या आईने किटली उचलली आणि कप पुन्हा काठोकाठ भरला.

"घ्या काका, गरम आहे," आमा म्हणाली. आईला आमच्यात आमा म्हणतात.

मन्सारामजींनी कपाकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग पुन्हा कपाकडे. शिमग्याच्या आधीचे दिवस, बाहेर पळस लालभडक फुललेला आणि दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघून मिशीत शिरला. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, कप उचलला आणि औषध घ्यावं तसा संपवला.

आमाने किटली उचलली.

त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मी, आमा, मन्सारामजी, त्यांच्या पत्नी गोपिकाबाई आणि त्यांचा मुलगा हेमराज. काय चाललं आहे, हे पाचांपैकी फक्त मला कळत होतं. आणि मला बोलायची सक्त मनाई होती.

मनाई दोन्हीकडून होती. हेमराजने आदल्या दिवशी बजावलं होतं, "यांगी, बाबांसमोर तोंड बंद ठेव. तू नर्स आहेस, बोलतेस तेव्हा माणसाला वाटतं आता सुई टोचणार." आणि आमाने सकाळी माझ्या वेण्या घालताना हेच सांगितलं होतं, फक्त आमच्या भाषेत आणि केस जरा जास्त ओढून. तिबेटी काय आणि झाडीपट्टीतले धानकरी काय, बाकी कशात नसेल पण मुलीने गप्प बसावं या एका गोष्टीत त्यांचं अगदी एकमत.

माझं नाव यांग्चेन. गोठणगावजवळ जंगलाला लागून आमचा तिबेटी कॅम्प आहे, माझा जन्म तिथलाच. आजोबांनी बर्फ पाहिला होता, मी पाहिला तो लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात घालतात तेवढाच. मराठी शाळेत शिकले, नर्स झाले. हेमराज लांजेवार वीज खात्यात लाइनमन. कॅम्पातला ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणून तो पहिल्यांदा आला. ट्रान्सफॉर्मर एका दिवसात दुरुस्त झाला, पण तो नीट चालतो की नाही हे पाहायला हेमराज पुढे वर्षभर येत राहिला.

त्याने लग्नाचं घरी सांगितल्यावर त्याच्या वडिलांनी ना हो म्हटलं ना नाही. "मी तिच्या घरी जाईन. बसीन. मंग सांगीन," एवढंच बोलले. हेमराज मला म्हणाला होता, "बाबा नाही म्हणाले तर त्यांना टाकून मी लग्न करणार नाही. आणि तुझ्याशी झालं नाही तर कुणाशीच करणार नाही." हे ऐकायला छान वाटतं, पण नीट पाहिलं तर यात माझ्या हाती काहीच लागत नव्हतं. सगळं त्या एका म्हाताऱ्याच्या 'हो'वर अडलं होतं आणि तो म्हातारा आता माझ्यासमोर लोण्यामिठाचा चहा पिऊन घामाघूम होत होता.

मी हेमराजला सगळं समजावलं होतं. देवघराकडे पाय करून बसायचं नाही. आमचा चहा खारट असतो, त्यात लोणी घुसळलेलं असतं, बाबांना आधीच सांगून ठेव. बाई, इतकं सगळं सांगितलं, पण कपाचं सांगायचं राहिलं. राहणारच. आपल्या घरात जे रोज घडतं ते नियम आहे हे आपल्याला कुठे माहीत असतं?

आमच्यात पाहुण्याचा कप रिकामा दिसणं ही यजमानाची बेअब्रू. पाहुणा घोटभर प्यायला की घोटभर ओतायचं. पाहुण्याचं पोट भरलं की त्याने काय करायचं, तर काही नाही. भरलेला कप समोर तसाच राहू द्यायचा. गप्पा माराव्यात, उठताना तो संपवावा आणि जावं. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

आणि मन्सारामजी कोण? ज्या वर्षी तलावाची पाळ फुटून गावचं सगळं धान वाहून गेलं, त्या वर्षी ते लहान होते. त्या वर्षाने त्यांना जे शिकवलं ते पुढे कधी पुसलं गेलं नाही. भाताचं शीत जमिनीवर पडलं तर उचलून कपाळाला लावून खाणार. जेवण झालं की ताटात पाणी फिरवून तेही पिणार. हेमराज म्हणायचा, "बाबांच्या ताटात कधी काही उरलं तर मी आडनाव बदलीन."

आता बघा. एकाने समोर आलेलं संपवल्याशिवाय राहायचं नाही, दुसरीने संपलेलं भरल्याशिवाय राहायचं नाही. दोघंही घरंदाज, दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पैज लावून बसलेत.

तुम्ही म्हणाल, हेमराज वर्षभर येत होता, त्याला कसं कळलं नाही? त्याचं कारण मजेदार आहे. त्याला तो चहा मुळीच आवडायचा नाही. पहिल्या भेटीत एक घोट घेतला, तोंड वाकडं होऊ नये म्हणून खिडकीबाहेर पाहिलं आणि कप तसाच ठेवून दिला. निघताना नाक दाबून संपवला. दर वेळी हेच. आमा मला म्हणायची, "किती चांगल्या वळणाचा मुलगा आहे, याच्या घरी रीत आहे." मी काही बोलले नाही. जावयाची पुण्याई आयती मिळत असेल तर आपण कशाला मोडता घालायचा?

आणि गोपिकाबाईंचा त्या दिवशी सोमवार होता. मीठ चालत नव्हतं, म्हणून त्या पाण्याचा पेला घेऊन सुखात बसल्या होत्या.

"आणखी दाखवू?" आमाने विचारलं.

हे तिचं मराठी. आमा दर हिवाळ्यात स्वेटर विकायला अकोल्याला जायची. आयुष्यभर तिने मराठी ऐकलं ते गिऱ्हाइकांचं आणि बोलली तेही गिऱ्हाइकांशीच. त्यामुळे चहा असो, जेवण असो, मयताला सांत्वन असो, तिच्या तोंडून बाजारच बाहेर पडायचा.

"दाखवा," मन्सारामजी क्षीण आवाजात म्हणाले.

"चांगला आहे. अंगाला बसेल."

"बसूनच राह्यला जी," मन्सारामजी म्हणाले आणि पोटावरून हात फिरवला. त्यांनी धोतराची गाठ सैल केलेली माझ्या नजरेतून सुटली नाही.

गोपिकाबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अवो, पुरे करा ना."

"तू गप बस. मले समजते."

काय समजत होतं, देव जाणे. त्यांचा चेहरा आता ओढल्यासारखा झाला होता, भुवया एकमेकींना चिकटल्या होत्या. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. हा माणूस चिडलाय. घरी गेल्यावर सांगणार, त्या बाईने मला जबरदस्तीने पाजलं, अशा घरची सून नको. हेमराज तर नुसता सुन्न होऊन एकदा बापाकडे, एकदा किटलीकडे पाहत होता.

एवढ्यात किटली रिकामी झाली. आमाने मला डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात आलो.

"काय तहान आहे या माणसाला!" आमा कुजबुजली. "लोणी संपत आलं. एवढंच राहिलंय बघ, बोटभर. आता काय करू?"

"आमा, तू ओतायचं थांब."

"मी थांबू?" तिचे डोळे मोठे झाले. "तुझा हात मागायला आलेल्या माणसासमोर रिकामा कप ठेवू? तुझे बाबा असते तर तोंड दाखवू शकले असते का?"

"अगं, त्यांना वाटतं समोर आलं की संपवायलाच हवं. ते थांबू शकत नाहीत."

"मग तू सांग त्यांना थांबायला."

"मी? सासऱ्याला सांगू, उष्टं टाका म्हणून? ज्या माणसाने जन्मात एक शीत टाकलं नाही त्याला?"

मग आमा पदराला, म्हणजे आमच्या पट्टेदार एप्रनला, हात पुसत खाली बसली आणि म्हणाली, "यांग्चेन, मला त्यांची भाषा येत नाही. मला फक्त ओतता येतं."

मला एकदम भरून आलं. ती बाई गेला तासभर किटलीतून चहा ओतत नव्हतीच. माझी मुलगी चांगली आहे, आम्ही चांगले लोक आहोत, तिला नाही म्हणू नका, हे सगळं ती ओतत होती. दुसरा मार्गच नव्हता तिच्याकडे.

मी उरलेलं सगळं लोणी घालून चहा घुसळला, किटली भरली आणि बाहेर आले. मन्सारामजींसमोर रिकामा कप होता. मी तो भरला. त्यांचा हात पुढे आला, तसा मी माझा हात कपावर ठेवला.

हेमराजने डोळे मिटून घेतले.

"बाबा, हा पिऊ नका," मी म्हणाले.

मन्सारामजींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "काहून?"

"तुमचं पोट भरलंय. हा असाच राहू द्या."

"टाकू?" त्यांचा आवाज चढला. "लोणी घातलेली वस्तू टाकू? पोरी, मी आजवर..."

"टाकायचा नाही, बाबा. समोर ठेवायचा. आमच्यात कप रिकामा दिसला की घरच्या बाईने भरायचाच. तुम्ही संपवता म्हणून आमा भरते. आमा भरते म्हणून तुम्ही संपवता. आता तुमच्यापैकी कुणीतरी थांबलं नाही तर मला दोघांना सलाईन लावावं लागेल."

हे शेवटचं बोलायचं नव्हतं. पण नर्सच मी, निघून गेलं तोंडातून.

मन्सारामजींच्या डोक्यात दोन गोष्टी भांडत होत्या, हे स्पष्ट दिसत होतं. भरलेला कप समोर ठेवून बसणं त्यांच्या हातून होईना. हात आपोआप पुढे जायचा, मग मागे यायचा.

तेव्हा गोपिकाबाई बोलल्या. तासभर पाण्याचा पेला धरून बसलेली बाई, पदर सावरून म्हणाली, "अवो, आपल्या घरची धानाची ढोली तुमी कदी खाली करता का?"

"ढोलीचं काय मधातच?"

"सांगा ना. कितीबी तंगी आली, दुष्काळ पडला, तरी ढोलीच्या बुडाशी पायलीभर धान ठेवतोच ना आपण? तुमची मायच सांगे ना, ढोलीचा तळ दिसला तं लक्ष्मी उठून जाते. मंग तेव्हा तुमी म्हणता का, धान टाकलं म्हणून?"

"ते ठेवते माणूस. टाकत नाई."

"मंग हेबी ठेवलंच आहे. ताट निपटून खावा, कोणी नाई म्हणत नाई. पण हे ताट नाई होय. हे ढोली होय यांची."

मी गोपिकाबाईंकडे पाहतच राहिले. एवढी वर्षं मी या दोन जगांत ये-जा करत होते, पण हे मला सुचलं नव्हतं. मी आमाला आमच्या भाषेत सांगितलं, त्यांच्याकडे धान साठवायची मोठी कणगी असते, तिचा तळ कधी दिसू देत नाहीत. आमाने ऐकलं आणि गोपिकाबाईंकडे पाहून जोरजोरात मान हलवली. "बराबर! बराबर! एकदम एक नंबर!"

मन्सारामजींनी मग सावकाश हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. कप समोर भरलेला. आमाने किटली खाली ठेवली. तासाभरात पहिल्यांदा तिचे दोन्ही हात मोकळे झाले.

मग मन्सारामजींनी घसा साफ केला आणि मला दबक्या आवाजात विचारलं, "मंग मी पास झालो का नापास?"

"कशात?"

"परीक्षेत."

"कसली परीक्षा, बाबा?"

"मले वाटलं..." ते ओशाळले, मिशीवरून हात फिरवला. "मले वाटलं तुमच्यात नवऱ्याच्या बापाची परीक्षा घेतात. जो जास्त पिईन त्याच्या घरी पोरगी देतात. म्हणून म्हणलं, पोट फुटलं तं फुटू दे, पोराचं काम व्हाले पायजे."

आधी हेमराज हसला. मग गोपिकाबाई. मी आमाला सांगितलं, तेव्हा ती अशी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. आणि मी? मला हसू आणि रडू एकदमच आलं. ज्या माणसाच्या 'हो'साठी मी श्वास रोखून बसले होते, तो बिचारा तासभर आमच्या 'हो'साठी चहा पीत होता.

पण 'हो' अजून तोंडाने कुणी म्हटलं नव्हतं. लांजेवारांच्या घरात शब्द दिल्याशिवाय काही पक्कं होत नाही, हे मला माहीत होतं.

ऊन उतरलं. मन्सारामजी उठले. जाताना पाहुण्याने कप संपवायचा असतो, म्हणून आमाने तो दोन्ही हातांनी उचलून पुढे केला. "काका, हा लास्ट पीस."

मन्सारामजींनी कपाकडे पाहिलं. त्यांच्या पोटात आता घोटभरही जागा नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. प्यावा तर पिववत नाही. ठेवून जावा तर टाकल्याचं पाप. मी मध्ये पडणार, तेवढ्यात त्यांनी कप आमाच्या हातातून घेतला, परत जागेवर ठेवला आणि त्यावर शेजारची बशी झाकली.

"हा राहू द्या जी," ते म्हणाले. "टाकू नका. मी परत येऊन पितो."

आमा एकदम स्तब्ध झाली.

याचं कारण त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. माझे बाबा वारल्यावर आमा दर हिवाळ्यात अकोल्याला निघायची, तेव्हा मी मावशीकडे राहायची. बस यायच्या आधी मावशी आमाचा कप काठोकाठ भरायची आणि आमा त्याला ओठ न लावता निघून जायची. तो कप झाकून ठेवायचा. मावशी रोज सकाळी त्यात ताजा चहा भरायची, आमा परत येईपर्यंत. घरचं माणूस दूर निघालं की आमच्यात असंच करतात. कप भरलेला आहे, म्हणजे माणूस परत येणार आहे. पाहुण्यासाठी हे करत नाहीत. फक्त घरच्यासाठी.

लहानपणी मी हळूच झाकण उचलून तो कप पाहायची. तो भरलेला दिसला की मला झोप लागायची.

"परत म्हणजे कदी?" गोपिकाबाईंनी दारातून विचारलं.

"आता कदी म्हणजे? सुपारी फोडाले याचंच आहे ना," मन्सारामजी वैतागून म्हणाले. जणू ही गोष्ट सकाळीच ठरली होती आणि बायकोला तेवढी आठवण राहिली नव्हती.

हेमराजने माझ्याकडे पाहिलं. मी आमाकडे. आमाला सुपारी हा शब्द येत नव्हता, पण झाकलेला कप तिला पुरेसा होता. ती पुढे झाली, खुंटीवरचा पांढरा रेशमी खाता, म्हणजे आमच्यातला मानाचा शेला, काढून तिने मन्सारामजींच्या गळ्यात घातला, आणि डोळे पुसत, मोठ्या गंभीरपणे, तिला येणारं सगळ्यात पक्कं मराठी वाक्य बोलली.

"काका, एकदा घेतलेला माल परत नाही, हां."

मी म्हणाले, "आमा!"

मन्सारामजी मात्र तितक्याच गंभीरपणे हात जोडून म्हणाले, "आमच्या घरी परत कराची पद्धत नाई जी."

अशी मी लांजेवारांच्या घरी आले. त्याला आता बरीच वर्षं झाली. मन्सारामजी थकलेत, पण ताटात शीत अजून राहत नाही. आमाने अजून स्वेटरचं दुकान सोडलेलं नाही, सोड म्हटलं की भांडते. हिवाळा आला की अकोल्याच्या बसला बसण्याआधी ती आमच्याकडे येते. मन्सारामजी स्वतः उठून कपात चहा ओततात. खारट नाही, आमचा नेहमीचा, साखरेचा. आमा त्याला हात लावत नाही, नुसती बघते आणि निघते. मग ते कपावर बशी झाकतात, तो भिंतीतल्या देवळीत ठेवतात आणि सगळ्यांना दम देतात, "कोणी हात लावाचा नाई."

आमा परत येईपर्यंत तो कप रोज भरलेला असतो. पण अन्न टाकायचं नाही, हेही आहेच ना. म्हणून रोज सकाळी मन्सारामजी देवळीतला कालचा गार चहा आधी स्वतः पितात, आणि मग त्यात ताजा भरतात.